दुसरा वाफा

हसूरामच्या पाया पडायला कुणी वाकलं की तो मागे सरकायचा. खुर्चीत असला तर पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचा, उभा असला तर भिंतीला पाठ टेकेपर्यंत हटायचा. विद्यापीठातला संशोधक, नावावर दोन पेटंटं, पेपरात फोटो आलेला माणूस. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी असल्या माणसाच्या पाया पडणारच. "पाय नको, पाय नको," हे तो इतक्या घाईनं म्हणायचा की नवख्याला वाटावं, याच्या पायाला काही लागलंय. लोक याला विनय म्हणायचे. मुंबईतल्या एका कार्यक्रमात तर एक वक्ता या विनयावरच बराच वेळ बोलला. मी खाली बसून चुळबुळत होतो. विनय नव्हता तो. काय होतं ते मला ठाऊक आहे, आणि ते आठवलं की माझीही मान खाली जाते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी पालीजवळच्या भातशेतीवाल्या घरातला. शिक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक पेणच्या खाडीवर, थोरल्या खारात झाली. थोरलं खार हे मिठागरावर जगणारं आगरी गाव. समोर, खाडीच्या पलीकडच्या काठाला धाकटं खार, तेही तसलंच. बांध घातलेल्या उथळ वाफ्यांत भरतीचं पाणी घ्यायचं, उन्हात आटवायचं, तळाशी बसलेलं मीठ ओढून बांधावर रास लावायची, हा दोन्ही गावांचा धंदा. मीठ तयार होतं असं तिथं कुणी म्हणत नाही. मीठ पिकतं. वाफा पिकला नाही तर आमच्याकडे भात गेल्यावर हळहळतात तशी माणसं हळहळतात. सुरुवातीला मला याची गंमत वाटायची. पुढं खारट वाऱ्याची सवय झाली तशी या बोलण्याचीही झाली.

मला खोली मिळाली ती हसूरामच्या आईच्या घरात. तिला सारं गाव बय म्हणायचं. त्यांच्या बोलीत बय म्हणजे आई; तिथं कळलंचं कलला होतं आणि होडीची होरी. हसूराम तिचा एकुलता एक. नवरा लवकर गेला, आणि बयनं डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून पोराला शिकवलं. तो मुंबईत विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत रसायनं ढवळत असे आणि शनिवारी होडीनं घरी येत असे. आम्ही बरोबरीच्या वयाचे. त्याला बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि मला बयच्या हातच्या कालवणावर हक्क सांगायला ओळख हवी होती. दोस्ती जमली.

होडीतून उतरला की तो धक्क्यावरच बूट काढायचा, त्यांच्या नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवायचा आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावरून अनवाणी चालत यायचा. चष्म्याची एक दांडी कायम दोऱ्यानं बांधलेली. खिशात पेनाच्या जागी काचेची नळी. कुठल्याही पाण्यात बोट बुडवून ते जिभेला लावायची भारी वाईट खोड. बयनं चहा दिला तरी आधी बोट.

"मुंबईत पन असाच करतोस काय रं?" बय विचारायची. "लोका काय म्हनतील?"

आणि या माणसाला कुठलीही गोष्ट सहजासहजी पटायची नाही. बय म्हणाली, यंदा वाल गोड हायत, तर हा म्हणणार, "सिद्ध व्हायचंय." मी एकदा फुशारकीनं सांगितलं की वर्गातल्या एका द्वाड पोराला मी पुढच्या ओळीत बसवला आणि तो सुधारला. हसूरामनं चष्मा पुसला आणि विचारलं, "दुसरा वाफा कुठाय?"

हा त्याचा आवडता प्रश्न. एका वाफ्यात काही नवं करून बघायचं असेल तर शेजारचा वाफा होता तसाच राहू द्यायचा. मग दोन्हींत काय पिकतं ते बघायचं. दुसरा वाफा नसेल तर नव्यानं काही केलं की आपोआप झालं, हे कळायचं कसं? हे तो कॉलेजात शिकला असणार, पण शब्द त्यानं गावाचे लावले होते. एकदा माझं डोकं दुखत होतं, बयनं कसलासा काढा पाजला आणि मी उठून बसलो. हसूरामनं लगेच दुसरा वाफा काढला.

"अरे, मला डोकं एकच आहे," मी वैतागून म्हणालो.

"हीच तर अडचण असते, मास्तर."

आम्ही तिघंही पोट धरून हसलो होतो.

मिठागरावरच्या बायकांचे पाय बघितल्याशिवाय हसूरामचा शोध कळायचा नाही. दिवसभर त्या खाऱ्या पाण्यात उभ्या असतात. टाचा फुटतात, बोटांच्या बेचक्यांत जखमा होतात, आणि त्या बऱ्या होण्याआधी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाणी त्यांत शिरतं. बय संध्याकाळी चुलीपुढं पाय पसरून भेगांत गोडं तेल सोडायची आणि दात आवळून गप्प बसायची. हसूराम लहानपणापासून हे बघत आला होता. प्रयोगशाळेत जागा मिळाल्यावर त्यानं बाकीची कामं सांभाळून काही वर्षं याच गोष्टीचा पाठपुरावा केला आणि एक पांढरं मलम बनवलं. ते पायाला चोळलं की खारं पाणी कातडीपर्यंत पोचत नसे. विद्यापीठाला त्याचं कौतुक वाटलं, आणि हसूरामच्या नावानं पेटंट घेतलं गेलं.

सरकारी शिक्क्याचा तो कागद गावात आला तो दिवस मला आठवतो. धर्मा मुकादम म्हणजे मिठागराचा कारभार बघणारा आणि गावातला शब्द चालणारा माणूस. त्यानं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि पेणला जाऊन त्याला काचेची चौकट करून आणली. चौकट लागली ती थेट गावदेवीच्या देवळात, देवीच्या उजव्या हाताला. बायकांनी काचेवर हळदकुंकू लावलं.

"धर्माबा, ऐका जरा," हसूराम म्हणाला, "पेटंट म्हणजे वस्तू नवी आहे, दुसऱ्या कुणी केलेली नाही, एवढंच. ती चांगली आहे असं सरकार काही म्हणत नाही."

"सरकार फुकट शिक्का मारील काय रं?" धर्मा म्हणाला. "पोरगा बग कसा, शिकला तरी गर्व नाय."

तेव्हापासून मलमाविषयी शंका म्हणजे सरकारविषयी शंका आणि थोडी देवीविषयीही, असं होऊन बसलं.

हंगामाच्या सुरुवातीला हसूराम मलमाचे डबे घेऊन आला, तेव्हा त्याचा बेत वेगळा होता. निम्म्या वाफ्यांवरच्या बायकांना मलम द्यायचं, निम्म्यांना नाही. बय चिडली. "बाकीच्यांच्या पायांनी काय पाप केला?" पण त्याला खरा निरुत्तर केला तो जनीनं.

जनी ही धर्माची नवी सून. आदल्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती धाकट्या खारातून आली होती. अंगानं बारकी, आवाजानं दणदणीत. पावसाळा संपला की वाफ्याचा चिखलाचा तळ पायांनी तुडवून दगडासारखा पक्का करावा लागतो. सगळ्या बायका हातात हात घालून ओळीनं उभ्या राहतात आणि एका ठेक्यात पाय मारत पुढं सरकतात. त्या ओळीचा ठेका धरते ती बाई नेहमी जाणती असते. पहिल्याच वर्षी तो मान नव्या सुनेकडं गेला, कारण जनीचा पाय कधी चुकायचा नाही. सासूला ते फारसं रुचलं नव्हतं.

"भावजी," डब्यात दोन बोटं घालत जनी म्हणाली, "मुंबयच्या बाया तोंडाला लावतान, आमी पायांना लावू. पन निम्म्यांनाच दिलास तर बाकीच्या चोरून लावतीन. मंग तुजा दुसरा वाफा कुठं ऱ्हायला?"

सगळ्या हसल्या. हसूरामही हसला, आणि साऱ्यांना मलम मिळालं.

पाय बरे झाले, यात खोटं नाही. पौषात बय मला रोज टाचा दाखवायची. बायका बांधावरून झपझप चालायला लागल्या. जनी तर सासूच्या पायांनाही आपल्या हातानं मलम चोळायची, लोणी लावावं तसं, जाड.

आणि माघ संपला तरी वाफे पिकेनात.

ऊन होतं, वारा होता. एरवी दुपारच्या वेळी वाफ्यातल्या पाण्यावर बारीक कणी धरते, मग ती जड होऊन तळाशी बसते. त्या वर्षी पाणी नुसतं पडून राहिलं. समोर धाकट्या खारात मिठाच्या पांढऱ्या राशी उभ्या राहायला लागल्या, आणि आमच्या बांधावर काही नाही. जे थोडं हाताला लागलं ते चिकट, मळकट. मजुरी मिठावर, मीठ नाही तर मजुरी नाही. लोक आधी आभाळाकडं बघत होते. मग एकमेकांकडं बघायला लागले.

हसूरामचे मधले बरेच शनिवार प्रयोगशाळेच्या कामात गेले होते; शिमग्याला तो घरी आला. होळीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर वाफ्यांवर गेलो. तो उकिडवा बसला, बोट बुडवलं, जिभेला लावलं. पाण्यावर फुंकर मारली. मग उठून खाडीकडं बघितलं. खाडीच्या पाण्यावर वाऱ्यानं बारीक लाटा उठत होत्या, आणि वाफ्यातलं पाणी त्याच वाऱ्यात पुसलेल्या पाटीसारखं गुळगुळीत होतं. तो एका वाफ्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर गेला, आणि मग चक्क बांधावरून पळायला लागला. गळ्यातले बूट छातीवर आपटत होते आणि हा हसत होता. मी विचारलं काय झालं. "सांगतो, सांगतो, सिद्ध व्हायचंय," म्हणाला, आणि बाटल्यांत पाणी भरून दुपारच्या होडीनं मुंबईला परत गेला. त्याला इतका आनंदी मी आधी कधी बघितला नव्हता.

तोवर गावानं कारण शोधून ठेवलं होतं. यंदा मिठागरावर नवं काय? नवी सून. तळ तुडवताना ओळीच्या टोकाला पहिला पाय कुणाचा पडला? तिचाच. पायगुण हा शब्द आधी बायकांत कुजबुजत फिरला, मग देवळाच्या ओट्यावर आला, आणि एकदा ओट्यावर आल्यावर तो मोठ्यानंच बोलला जाऊ लागला. मलमाचं नाव कुणी काढलं नाही. त्याची चौकट तर देवीशेजारी होती.

पाडव्याला हसूराम पुन्हा आला. धर्मानं त्याला घरी बोलावलं, मीही गेलो. पडवीत पाच-सहा जाणती माणसं बसली होती. जनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. धर्मा वाईट माणूस नव्हता. सुनेवर आळ यावा असं त्याला वाटत नव्हतं, आणि सुटकेचा एक रस्ता तो खरोखरच शोधत होता.

"हसू, तू शिकलेला हायस," तो म्हणाला. "बाया काय पन बोलतान. तू सांग. वाफा का नाय पिकत?"

हसूरामनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. दाराकडं बघितलं नाही.

"अजून सांगता यायचं नाही, धर्माबा. सिद्ध व्हायचंय."

मला वाटलं, नेहमीची सवय. धर्मानं मान हलवली. जनी तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत गेली.

चार दिवसांनी तिला माहेरी धाडलं. कायमची, असं कुणी म्हणालं नाही. "हंगाम सरंपरत," असं म्हणाले. नवरा धक्क्यापर्यंत गेला आणि खाली मान घालून परत आला. होडीत बसताना जनीनं पाय वर घेऊन साडीत झाकले, जसं काही होडीलाही त्यांची बाधा व्हायची.

मग महिनाभर हसूरामची होडी आली नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आला तो बूट न काढताच गावात शिरला आणि लोकांना देवळापुढं बोलवा म्हणाला. तिथं त्यानं सगळं सांगितलं. मलमात मेणासारखा एक पदार्थ आहे. बायकांच्या पायांवरून तो पाण्यात उतरतो आणि पाण्यावर डोळ्यांना दिसणार नाही इतकी पातळ साय धरतो. त्या सायीखालचं पाणी वाफ होऊन उडत नाही. पाणी आटत नाही म्हणून मीठ पिकत नाही. दोष मलमाचा आहे, जनीचा नाही.

"आणि हे मला शिमग्यालाच कळलं होतं," तो म्हणाला. "धर्माबांनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं."

मग का बोलला नाही, तेही त्यानं सांगितलं. पाण्याला उडू न देणारी साय म्हणजे केवढा मोठा शोध. तलाव, धरणं, उन्हाळ्यात आटणारी तळी. त्याच्या वरिष्ठांनी पेटंटासाठी अर्ज करायला सांगितला होता. आणि नियम असा, की अर्ज दाखल होण्याआधी ती गोष्ट चारचौघांत बोलली गेली तर ती नवी राहत नाही, हक्क जातो. कुणाशी बोलायचं नाही, घरीही नाही. तो बोलला नाही. अर्ज आदल्या दिवशी दाखल झाला आणि तो पहिल्या होडीनं आला.

मी लोकांच्या चेहऱ्यांकडं बघत होतो. आता कुणीतरी संतापेल, निदान शिवी तरी देईल, असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही.

"पोरीला वाचवाया सोताच्या औषदाला नाव ठेवतोस," धर्मा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "देवमानूस हायस तू, हसू. पन सरकारनं कागद दिलाय त्याचा. त्यो खोटा कसा असंल?"

हसूरामनं हट्ट सोडला नाही. बयच्या दोन पितळी पराती त्यानं देवळापुढं उन्हात मांडल्या. दोन्हींत वाफ्यातलंच पाणी, एकीत मलमाचा गोळा. रजा वाढवून तो रोज तिथं बसून राहिला. साधी परात पिकली, मलमाची पिकली नाही. त्यानं सगळ्यांना बोलावून दाखवलं. एका म्हातारीनं दोन्ही पराती निरखून पाहिल्या.

"जी पिकली, तीत जनीनं पाय दिला व्हता काय?"

"नाही."

"मंग पिकनारच ना."

"आणि दुसरी? तीतही पाय दिला नव्हता."

"तीत तू गोला टाकलास एवरा. बाया काय एवरा लावतान?"

सगळी माणसं समाधानानं उठून गेली. आयुष्यभर दुसरा वाफा मागणारा हसूराम दोन पितळी परातींपुढं बसून राहिला.

मुंबईला निघताना त्यानं नेहमीप्रमाणे बयच्या पाया पडायला वाकून हात पुढं केला. बयनं पाय मागे घेतले. साडीच्या आत, पार आत.

"नको," ती म्हणाली. "कलला तवा बोलायचा व्हता."

"बय, नियम होता तसा."

"कुनाचा?"

त्यानं बुटांच्या नाडीची गाठ चाचपली.

"माजं पाय बरं केलंस. तिचा घर मोरला." एवढं बोलून ती चुलीकडं वळली. त्या दिवसापासून तिनं मलमाच्या डब्याला हात लावला नाही. भेगा परत फुटल्या, ती परत दात आवळून चुलीपुढं बसायला लागली, आणि हसूराम घरी असला की मात्र पाय साडीखाली घेऊन बसायची. त्याला दिसू नयेत म्हणून.

त्या दिवशी मी त्याला धक्क्यापर्यंत सोडायला गेलो. होडी लागल्यावर तो म्हणाला, "मास्तर, नियमाचं जाऊ दे. शिमग्याला मी बांधावर पळत होतो ना, तेव्हा मला आनंद झाला होता. गावाचा वाफा पिकत नव्हता आणि मला आनंद झाला होता." हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं बघायला लागलो. शिकलेल्या माणसाला इतकं शरमलेलं बघायची मला सवय नव्हती.

दुसऱ्या वर्षी त्यानं मलम पाठवलं नाही, आणि वाफे झक्कास पिकले. धर्मा राशीकडं हात करून मला म्हणाला, "बगा मास्तर. ती गेली, पिकला." मलमही नव्हतं आणि जनीही नव्हती. हसूरामला हे कळवलं तेव्हा तो लगेच आला. त्याचं म्हणणं, आता एकच उपाय. जनीनं एकदा, फक्त एकदा, मलम न लावता थोरल्या खाराच्या वाफ्यात उतरायचं. वाफा पिकला की गावाला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

आम्ही दोघं होडीनं धाकट्या खारात गेलो. जनी भावाच्या घरी अंगणात पाटीची फाटलेली कड विणत बसली होती. हसूराम समोर उभा राहून बोलला, फार बोलला. तिनं विणकाम थांबवलं नाही.

"कंदी कलला तुमाना?"

"शिमग्याला."

"सासऱ्यानं इचारला तवा मी दारात व्हते."

"होय."

"मी तुमच्या तोंडाकरं बगत व्हते, भावजी. मना वाटला, हे आता बोलतीन."

तिनं कड ओढून गाठ मारली.

"आता मी येऊन पाय देऊ. पिकला तर मी चांगली. अन् त्या दिवशी आभाल आयला तर? मंग परत होरीत बसू?" तिनं पहिल्यांदा मान वर केली. "मी मानूस हाय. वाफा नाय."

त्याच वैशाखात तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं. मी जेवायला गेलो नाही. गावात त्याची कुणाला खंत वाटली असेल असं नाही.

माझी पुढं तळा गावच्या शाळेत बदली झाली. हसूरामचं दुसरं पेटंट मंजूर झालं आणि त्याचं नाव झालं. तलावांवर साय धरणाऱ्या त्या पदार्थाची भुकटी टाकून बघितली गेली, पेपरांत लिहून आलं, बाहेरच्या देशांतून बोलावणी आली. शनिवारची त्याची होडी मात्र आता चुकत नसे. बय जेवायला वाढायची, बोलायची, पण पाया पडू द्यायची नाही. तोही नंतर वाकेनासा झाला. आणि दुसऱ्या कुणाला आपल्यापुढं वाकू देईनासा झाला, तो याच काळात.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या एका हंगामात थोरल्या खारानं त्याचा सत्कार केला. मला आमंत्रण होतं. धक्क्यापासून देवळापर्यंत ताशा-सनई, फुलांचा हार, पताका. धर्मा आता काठी घेऊन चालत होता. त्यानं हसूरामकडून आग्रहानं दुसऱ्या पेटंटाची प्रत मागून घेतली होती, आणि ती पहिल्या चौकटीशेजारी, देवीच्या उजव्या हाताला, त्या दिवशी लावली गेली. पुन्हा हळदकुंकू. जनीला घालवलं त्या हंगामाची कमाई काचेत घालून देवळात टांगली होती, आणि सगळे हात जोडत होते.

हसूराम बोलायला उभा राहिला. त्यानं तलावांविषयी काही सांगितलं नाही. हा शोध कुठल्या वाफ्यांत लागला, तो लागला तेव्हा दारात कोण उभं होतं, आपण काय बोललो आणि काय बोललो नाही, हे सगळं त्यानं जनीचं नाव घेऊन, परत एकदा, पहिल्यापासून सांगितलं. तो खाली बसला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "एवरा मोठा जाला, पन सोताकरं कमीपना घेतो बगा." मला तिथून उठून जावंसं वाटलं. ती लाज हसूरामची होती, त्या टाळ्यांची होती की मी त्या गावचं मीठ खाल्लं होतं याची होती, मला अजून नीट सांगता येत नाही.

बय सत्काराला आली नव्हती. घरी सुकट निवडत बसली होती.

कार्यक्रम आटोपल्यावर हसूराम माझ्याजवळ आला. हार त्यानं कुठंतरी काढून ठेवला होता. "मास्तर, पलीकडं येतोस?" एवढंच म्हणाला. आम्ही होडी घेतली. धाकट्या खाराच्या धक्क्यावर तो बूट काढायला विसरला, आणि असं मी त्याआधी एकदाच बघितलं होतं.

उतरतं ऊन होतं. बांधावर मिठाच्या राशी लागल्या होत्या, आणि बायका डोक्यावर भरल्या पाट्या घेऊन रांगेनं येत होत्या. सगळ्यांत पुढं जनी. माहेरच्या मिठागरावर तळ तुडवताना ठेका तीच धरत असे आणि वाफे दर वर्षी पिकत असत. खाडीपलीकडून त्या राशी थोरल्या खाराला रोज दिसत. तिथं त्याचंही उत्तर तयार होतं: माहेराला लेकीचा पाय लाभतो. हवा होता तो दुसरा वाफा हसूरामच्या डोळ्यांसमोर असा पांढराशुभ्र उभा होता, आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

बांध अरुंद. हसूराम मधोमध उभा राहिला. जनी जवळ आली आणि थांबली. तिच्या केसांत पांढरे आले होते. पाय अनवाणी, टाचा फुटलेल्या, भेगांत मीठ बसलेलं. त्या पायांकडं बघत हसूराम वाकायला लागला. बयनं पाय ओढून घेतले त्यानंतर तो कुणापुढं वाकलेला मला माहीत नाही. डोक्यावर पाटी असल्यानं तिला खाली बघता येत नव्हतं, आणि मागे बायका असल्यानं मागे सरता येत नव्हतं. पण तो काय करतोय ते तिला कळलं.

"वाट सोरा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "मीठ जड हाय."

तो अर्धा वाकलेला तसाच थबकला. मग बाजूला झाला. बांधावर दोघांना जागा नव्हती म्हणून सत्काराच्या बुटांसकट खाली चिखलात उतरला. जनी पुढं गेली. तिच्या मागून एकेक करत साऱ्या बायका गेल्या. वाट मोकळी झाली तरी तो बांधावर चढला नाही.